लॉच्या अर्जात कमी गुणांचा खुलासा कसा करायचा

वकिलीकडे वळू पाहणाऱ्या गोव्यातल्या बऱ्याच मुलांच्या गुणपत्रिकेत एखादे वर्ष असे असते की घरात कुणी त्याचा विषय काढत नाही. दहावीला चांगले गुण, बारावीला धपकन खाली. किंवा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, एटीकेटी लागली, पुढे सगळे सुरळीत झाले, पण तो डाग कागदावर राहिला. अर्ज भरायची वेळ आली की पोटात गोळा येतो.

अशा मुलांना आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, काही लिहू नको, कोण एवढे बघत बसतो. दुसरा, सगळे मन मोकळे करून लिही, त्यांना दया येईल. दोन्ही सल्ले देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि दोन्हींनी नुकसान होते. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण गुणपत्रिका अर्जासोबत जोडली की मूठ उघडलेलीच असते. आणि अर्ज वाचणाऱ्याच्या पुढ्यात शेकडो अर्ज असतात. दया दाखवणे हे त्याचे काम नसते, त्याला फक्त ठरवायचे असते की हा विद्यार्थी आमचा अभ्यासक्रम पेलेल की नाही.

हा खुलासा म्हणजे वकील होऊ पाहणाऱ्याचा पहिला कायदेशीर मसुदा आहे, असे मला मनापासून वाटते. तो तसाच लिहिला तर उपयोगी पडतो. कसा ते सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ.

खुलासा वाचणार कोण?

काही ठिकाणी तो कुणीच वाचत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीत आणि तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी पदवीत किमान गुणांची अट आहे. सर्वसाधारण गटासाठी ती ४५ टक्क्यांच्या खाली नेता येत नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्क्यांच्या. हा उंबरठा आहे. तुम्ही त्याच्या अलीकडे असाल तर कितीही हृदयद्रावक पत्र लिहिले तरी कॉलेजला प्रवेश देता येत नाही, कारण नियम कॉलेजचा नाहीच. तिथे उपाय एकच, पुन्हा परीक्षेला बसून गुण वाढवणे. पत्राच्या मागे लागून त्यात वर्ष घालवू नका.

उंबरठा ओलांडला की बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांमध्ये क्लॅट या सामाईक प्रवेश परीक्षेतला क्रमांक बोलतो. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. बारावीला ५२ टक्के मिळालेला मुलगा तिथे ९२ टक्केवाल्याच्या पुढे जाऊ शकतो आणि त्याला कुणी ५२ का पडले हे विचारत नाही. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीतही निबंधाला जागा नाही. गुणवत्ता यादीवर प्रवेश देणाऱ्या कुठल्याही कॉलेजचे तसेच. पणजीच्या साळगावकर कॉलेजला किंवा मडगावच्या कारे कॉलेजला अर्ज करणार असाल तर त्या वर्षीचे माहितीपत्रक आधी नीट वाचा. खुलाशासाठी रकाना नसेल तर वेगळे पत्र जोडून कारकुनाच्या टेबलावरचा कागद वाढवू नका.

खुलासा लागतो तो मुलाखत घेणाऱ्या संस्थांमध्ये, उद्देशपत्र (हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारे पत्र) मागणाऱ्या खाजगी विद्यापीठांमध्ये आणि सगळ्यात जास्त परदेशी अर्जांमध्ये. आपल्या मुलांचा ओढा इंग्लंडकडे जास्त, पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे स्थायिक झालेला एखादा मामा किंवा आत्या बऱ्याच घरांत असते. तिथे पदवीचे अर्ज यूकॅस या सामाईक प्रवेश-अर्ज संस्थेमार्फत जातात आणि या पद्धतीत एक गोष्ट आहे जी इथल्या फार थोड्या पालकांना ठाऊक असते: आजारपण, घरातला मृत्यू, अशा परिस्थितीचा खुलासा विद्यार्थ्याने अर्जातल्या स्वतःच्या निवेदनात करणे अपेक्षित नाही. शाळेकडून जाणाऱ्या शिफारशीचे तीन भाग असतात, त्यातला दुसरा भाग खास याच कामासाठी राखलेला आहे. म्हणजे तो तुमच्या हायर सेकंडरीच्या प्राचार्यांनी किंवा वर्गशिक्षकांनी लिहायचा. त्यांनी आयुष्यात असा फॉर्म पाहिला नसेल तर ते चार गोड वाक्ये लिहून मोकळे होतील, म्हणून अर्ज भरायच्या आधीच त्यांना भेटा. काय घडले, कोणत्या महिन्यांत घडले, त्याचा कोणत्या विषयांवर परिणाम झाला, हे अर्ध्या पानावर लिहून द्या, सोबत कागदपत्रांच्या झेरॉक्स द्या. विद्यार्थ्याच्या निवेदनासाठी २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्न ठरवून दिले आहेत आणि तिन्ही मिळून ४००० अक्षरांची मर्यादा आहे, मोकळ्या जागाही त्यातच मोजल्या जातात. ती जागा कायदा का शिकायचा आहे हे सांगण्यासाठी आहे. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचा वाद घरात ऐकत मोठे झालात, आजोबा मुंडकार (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारे) होते, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले वारसाहक्काचे नियम आजही गोव्यात कसे चालतात याचे कुतूहल आहे, हे लिहायला अक्षरे पुरत नाहीत. तिथे रसायनशास्त्रातले ४१ गुण कशाला आणायचे?

अमेरिकेत जेडी ही वकिलीची पदवी पहिल्या पदवीनंतर मिळते आणि तिथल्या अर्जाला वेगळे पुरवणी पान जोडता येते. त्याला ते अ‍ॅडेंडम म्हणतात. आपल्या मुलांसाठी त्याचे महत्त्व थोडे जास्त आहे. एलएसएसी ही संस्था सगळ्या गुणपत्रिका गोळा करून लॉ स्कूलांना पाठवते. तिथल्या पदव्यांसाठी ती गुणांची सरासरी काढते, पण परदेशी पदवीला आकडा न देता चार शेऱ्यांपैकी एक देते: उत्कृष्ट, सरासरीहून वर, सरासरी, सरासरीहून खाली. समजा पहिल्या वर्षी ४६ टक्के आणि शेवटच्या वर्षी ६८. त्या एका शेऱ्यात हा चढ दिसणार नाही. गुणपत्रिकेत तो असतो, पण भारतीय गुणपत्रिका वाचायची सवय नसलेल्या माणसाच्या तो नजरेत येईलच असे नाही. पुरवणी पानाचे काम त्याचे बोट त्या चढावर ठेवण्याचे.

एलएल.एम. या कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या अर्जातही हाच मामला. आपल्या इथून एल.एल.बी. करून बाहेर जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचा अर्ज एलएल.एम.चा असतो आणि तिथे पाच वर्षांच्या दहाही सत्रांचे गुण समोर पसरलेले असतात.

उशीर माफ करा, असे कोर्टाला कसे सांगतात

आता मसुद्याकडे. कायद्यात यासाठी एक तयार नमुना आहे. अपील दाखल करायची मुदत टळली तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ५ खाली पक्षकार अर्ज करतो: उशीर झाला, त्याला पुरेसे कारण होते, तो माफ करावा. म्हापशाच्या कोर्टात असोत की पर्वरीच्या उच्च न्यायालयात, असे अर्ज नित्याचे असतात. चांगला अर्ज कसा असतो? उशीर किती दिवसांचा ते पहिल्याच परिच्छेदात. कारण काय, ते कधी सुरू झाले, कधी संपले. त्या कारणामुळे नेमके काय करता आले नाही. कारण संपल्यावर पक्षकाराने किती लवकर पावले उचलली. आणि प्रत्येक विधानाला आधार देणारा कागद.

वाईट अर्जात फक्त एवढेच असते: अर्जदार गरीब आहे, अडचणीत होता, कोर्टाने कृपा करावी.

१९८७ साली अनंतनागच्या भूसंपादन कलेक्टरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर अवघ्या चार दिवसांच्या उशिराचा प्रश्न होता. न्यायालयाने उदार भूमिका घेतली आणि सांगितले की प्रत्येक दिवसाचा हिशेब द्यायचा म्हणजे अडेलतट्टूपणा करायचा नव्हे, व्यवहारी आणि समजूतदार नजरेने बघायचे. उशीर करून सहसा कुणाचा फायदा होत नसतो, हेही त्यात आहे. मला हा निकाल या विषयासाठी फार जवळचा वाटतो. अर्ज वाचणारी माणसे मुळात वाईट नसतात. त्यांनाही ठाऊक असते की कुणी हौसेने नापास होत नाही. पण उदार व्हायला त्यांच्या हातात काहीतरी ठोस लागते, आणि ते आपण द्यायचे असते.

एक खुलासा, दोन मसुदे

एक कल्पित उदाहरण घेऊ. डिचोली तालुक्यातली एक मुलगी. २०१७ साली पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला प्रवेश घेतला. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्याला उत्खनन थांबले. वडिलांचे दोन ट्रक खनिज वाहतुकीवर होते. पुढे काय झाले ते डिचोली, सत्तरी, धारबांदोड्यातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. मुलीचे दुसरे वर्ष घसरले. आज ती इंग्लंडमध्ये पर्यावरण कायद्यातल्या एलएल.एम.साठी अर्ज करते आहे. तिने पहिला मसुदा असा लिहिला:

«२०१८ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या आणि आमच्या कुटुंबावर आभाळ कोसळले. घरची परिस्थिती अत्यंत बिकट झाली. मला प्रचंड मानसिक ताणातून जावे लागले आणि त्याचा परिणाम माझ्या अभ्यासावर झाला. तरीही मी हार मानली नाही. संकटांनीच मला कणखर बनवले. माझे गुण माझी खरी क्षमता दाखवत नाहीत, तरी कृपया सहानुभूतीने विचार व्हावा.»

यातला शब्द न् शब्द खरा असू शकतो. तरी वाचणाऱ्याच्या हाती काय लागते? इंग्लंडमधल्या लीड्सच्या विद्यापीठात बसलेल्या माणसाला खाणी बंद होण्याचा आणि एका मुलीच्या गुणांचा संबंध आपोआप कळत नाही. परिणाम कोणत्या सत्रात झाला, किती झाला, कधी थांबला, काहीच नाही. «माझे गुण माझी क्षमता दाखवत नाहीत» हे तर बहुतेक प्रत्येक खुलाशात असते, त्यामुळे डोळा त्यावरून घसरतो. आणि जी गोष्ट खरोखर तिच्या बाजूची आहे, पुढच्या सहा सत्रांतले गुण, त्यांचा उल्लेखच नाही.

दुसरा मसुदा:

«माझ्या तिसऱ्या आणि चौथ्या सत्रातील गुणांबाबत हा खुलासा आहे. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले. वडिलांचे दोन ट्रक खनिज वाहतुकीवर चालत होते. त्या महिन्यापासून घरचे उत्पन्न बंद झाले. जुलै २०१८ ते एप्रिल २०१९ या काळात मी कॉलेज सुटल्यावर म्हापशातील एका दुकानात रोज पाच तास हिशेबाचे काम केले. या दोन सत्रांत माझे गुण ६१ टक्क्यांवरून ४९ आणि ४७ वर आले आणि एका विषयाची परीक्षा पुन्हा द्यावी लागली. ती मी पुढच्याच सत्रात दिली. मे २०१९ मध्ये वडिलांना नोकरी लागल्यावर मी काम सोडले. पाचव्या ते दहाव्या सत्रात माझे गुण ५८ ते ६७ टक्के आहेत. दुकानाच्या मालकांचे पत्र आणि सर्व गुणपत्रिका सोबत जोडल्या आहेत.»

आभाळ कोसळल्याचा उल्लेख गेला, पण वाचताना ते कोसळलेले दिसते. रोज पाच तास हिशेब लिहून मग डिचोलीची शेवटची बस पकडणारी मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते आणि त्यासाठी तिला «मी कणखर आहे» असे लिहावे लागत नाही. पहिल्याच वाक्यात कुठले सत्र ते कळते. नापास विषय लपवलेला नाही. जे गुण खाली गेले ते आकड्यात आहेत, जे वर आले तेही आकड्यात. «कृपया» कुठे नाही. आणि सगळा मजकूर अर्ध्या पानाच्या आत.

मसुदा मराठीत केला तरी चालतो. मी तर म्हणेन, आधी मराठीतच करा. आपल्या भाषेत घडलेली गोष्ट सरळ सांगता येते. थेट इंग्रजीत लिहायला बसले की इंटरनेटवरच्या तयार वाक्यांची भुरळ पडते. आधी गोष्ट पक्की करायची, मग इंग्रजीत उतरवायची.

एक बाब या मुलीसाठी जास्तीची. खाणीवर घर चाललेले आणि तिला शिकायचा पर्यावरण कायदा. हा धागा मोलाचा आहे, पण त्याची जागा उद्देशपत्रात. खुलाशात तो आणला तर दोन्ही पाने कमकुवत होतात.

कारणाचे प्रकार आणि प्रत्येकाची अडचण

आजारपण असेल तर कागद सहसा असतात. बांबोळीच्या गोमेकॉतले (गोवा मेडिकल कॉलेजातले) डिस्चार्ज कार्ड, जिल्हा हॉस्पिटलचे केसपेपर, डॉक्टरांचे सर्टिफिकेट. इथे प्रश्न किती सांगायचे याचा. रोगाचे नाव सांगायलाच हवे असे नाही. «नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उपचार सुरू होते, ३४ दिवस हॉस्पिटलमध्ये होतो, आता डॉक्टरांनी पूर्ण बरे असल्याचे लिहून दिले आहे» एवढे बास. मानसिक आजाराबाबत मुले फार घाबरतात, आणि पालक त्याहून जास्त. लिहायचे की नाही हा निर्णय विद्यार्थ्याचा, त्याच्यावर कुणी जबरदस्ती करू नये. लिहायचे ठरवले तर उपचार घेतले, कधी घेतले, आज अभ्यास कसा चालू आहे, यावर भर द्या. उपचार घेणे ही कमीपणाची गोष्ट नाही, आणि पालकांनी मुलाला ते लपवायला लावले तर तो बिचारा आजारासोबत लाजही वागवत बसतो.

घरातला मृत्यू. इथे तारीख सांगा, नाते सांगा, आणि तुमच्यावर काय जबाबदारी आली ते सांगा. वडील गेले म्हणून दुःख झाले हे कुणीही समजू शकतो. वडील गेले आणि धाकट्या भावाला शाळेत सोडणे, आईसोबत बँकेच्या आणि मामलेदार कचेरीच्या खेपा, दुकान उघडणे हे सगळे तुमच्या अंगावर पडले, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

कोविड हे एकट्याने कारण होत नाही, कारण तो सगळ्यांनाच होता. २०२१ साली तर बारावीची परीक्षाच रद्द झाली आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागले. घरात एकच मोबाईल आणि तिघे शिकणारे, गावात नेटवर्कसाठी डोंगरावर जावे लागे, असे काही खास तुमचे असेल तरच लिहा. सत्तरी, काणकोणातल्या मुलांसाठी ही अगदी खरी गोष्ट होती.

आता सगळ्यात अवघड प्रकार. कारण नाहीच. म्हणजे संकट असे काही आले नाही, आणि तरी गुण पडले. आपल्याकडे याचे मूळ बहुतेक वेळा दहावीच्या निकालाच्या दिवशी असते. ८५ टक्के पडले, म्हणजे विज्ञान घ्यायचे, हे शेजारच्या काकांनीसुद्धा ठरवलेले असते. मुलाला इतिहास आवडतो, वादविवाद स्पर्धेत बक्षिसे आहेत, तो भौतिकशास्त्राच्या ट्यूशनला दोन वर्षे जातो आणि बारावीला ५१ वर येतो. मग बी.ए. करतो, तिथे ६८ मिळवतो. या मुलाने काय लिहावे?

त्याने खोटे संकट शोधू नये, हे पहिले. आजीचे आजारपण ऐनवेळी आठवू नये. दुसरे, आईवडिलांवर खापर फोडू नये. वाचणाऱ्याला त्यातून फक्त एवढेच कळते की हा मुलगा जबाबदारी दुसऱ्यावर टाकतो. त्याने सरळ लिहावे: «बारावीला मी विज्ञान शाखा घेतली. ती माझ्या कलाची नव्हती आणि मी त्या दोन वर्षांत पुरेसा अभ्यास केला नाही. २०१९ मध्ये मी इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए.ला प्रवेश घेतला. माझे तिन्ही वर्षांचे गुण ६४, ६८ आणि ७१ टक्के आहेत.» चार वाक्ये. त्यात एक कबुली आहे आणि तीन वर्षांचा पुरावा आहे. प्रवेश समितीला असा विद्यार्थी आवडण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण आपल्या चुकीबद्दल सरळ बोलणारा अशिलाच्या अडचणीच्या गोष्टीही कोर्टापुढे नीट मांडू शकेल.

आणि पुढचे गुणही चांगले नसतील तर? मग खुलाशापाशी थांबून काम होणार नाही. आधी चांगले वर्ष घडवावे लागेल. प्रवेश परीक्षेत उत्तम गुण, एखाद्या वकिलाच्या ऑफिसात वर्षभर केलेले नियमित काम, कायदेविषयक साहाय्य शिबिरांतली सेवा, काहीतरी असे हवे ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. त्यासाठी एक वर्ष थांबावे लागले तर थांबा. अठरा-वीस वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे काही जन्म वाया गेला असे नव्हे, हे मला पालकांना कळकळीने सांगावेसे वाटते.

गुण थोडे कमी आहेत, घसरण नाही, अशांनी खुलासा लिहूच नये. ६८ ऐवजी ६२ पडले याचे स्पष्टीकरण दिले की ज्याने लक्ष दिले नसते तोही ६२ कडे बघू लागतो.

खरे आणि कागदावरचे

वर्ष वाया गेले असेल तर आपल्याकडे गॅपचे प्रतिज्ञापत्र करायला सांगतात. स्टॅम्प पेपर, नोटरी, दहा मिनिटांचे काम. टायपिस्टकडे मजकूर तयार असतो: «या काळात मी कुठल्याही संस्थेत प्रवेश घेतला नव्हता, घरी होतो.» तुम्ही मात्र त्या काळात एका कॉलेजात नाव घालून सोडून दिलेले असते. सही करण्याआधी वाचा. शपथेवर केलेले विधान आहे ते, आणि अर्जातल्या खुलाशाशी, बायोडेटाशी, शाळा सोडल्याच्या दाखल्याशी ते जुळायला हवे. या चार कागदांतल्या तारखा एका ओळीत मांडून बघा, कुठेतरी तीन महिन्यांची फट निघते. ती तुम्हाला आधी सापडलेली बरी.

खोटे सांगितले आणि प्रवेश मिळाला तरी प्रकरण संपत नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम २६ प्रमाणे महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती देऊन किंवा फसवणुकीने कुणी वकिलांच्या यादीत नाव घातले असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडिया ते काढू शकते. अमेरिकेत तर वकिलीची सनद मागताना चारित्र्याची वेगळी छाननी होते आणि लॉ स्कूलच्या अर्जात काय लिहिले होते ते तेव्हा पुन्हा काढून पाहिले जाते. म्हणून नापास विषय, कॉलेजने केलेली शिस्तीची कारवाई, हजेरी कमी भरल्यामुळे गेलेले सत्र यांबद्दल अर्जात प्रश्न असेल तर उत्तर पूर्ण द्या. गुण कमी असलेल्या मुलाला प्रवेश मिळू शकतो. लपवलेले उघडकीस आले तर मिळालेला प्रवेशही जातो.

प्राध्यापकांबद्दल एक शब्द. «पेपर तपासणाऱ्याने अन्याय केला» हे खरे असले तरी लिहू नका. पुनर्मूल्यांकन मागितले होते आणि गुण वाढले, असे असेल तर त्याचा कागद जोडा, तो पुरेसा बोलतो.

शिफारसपत्र देणाऱ्यांना तुमचा खुलासा दाखवा. त्यांनी तुम्हाला त्या वाईट वर्षातही वर्गात पाहिलेले असते. «चौथ्या सत्रात ती संध्याकाळचे काम करून सकाळच्या पहिल्या तासाला हजर असायची» हे वाक्य प्राध्यापकांच्या पत्रात आले तर तुमच्या पूर्ण पानापेक्षा जास्त वजन पडते. कागदोपत्री पुरावा नसेल तेव्हा तर असे पत्र हाच पुरावा.

मुलाखतीत विचारले तर

पुण्याच्या सिंबायोसिससारख्या ठिकाणी परीक्षेनंतर मुलाखत असते, तिथे गुणपत्रिका समोर ठेवूनच बोलणे होते. «तुमचे दुसरे वर्ष एवढे कमी कसे?» हा प्रश्न येणार हे धरून चला. उत्तर दोन-तीन वाक्यांचे ठेवा: काय झाले, कधी संपले, त्यानंतरचे गुण. आणि थांबा. तोंडी परीक्षेत मुले इथेच चुकतात. शांतता पसरली की घाबरून बोलत सुटतात, मग लेखी खुलाशात नसलेल्या गोष्टी बाहेर येतात. त्यांना अजून जाणून घ्यायचे असेल तर ते विचारतील.

डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या, घोटभर पाणी प्या, पुढे बोला. त्यामुळे कुणाचा प्रवेश जात नाही. घरी एकदा आरशासमोर नव्हे, कुणा परक्या माणसासमोर सराव करा. आईसमोर केला तर ती मध्येच तुमची बाजू घेईल. ओळखीचे एखादे वकील असतील तर त्यांच्याकडे जा आणि सांगा, उलटतपासणी घेतात तसे विचारा. पहिल्यांदा त्रास होतो, तिसऱ्यांदा तेच उत्तर साध्या आवाजात येते. मुलाखतीला निघताना सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका तारखेच्या क्रमाने एका फाईलमध्ये लावा आणि जे सत्र वाईट गेले त्याच्या मागोमाग पुढच्या सत्राची गुणपत्रिका आहे ना, हे बघून घ्या.